झेलामायचा दोर

खानदेशात काळ्या मातीच्या पट्ट्यात तामसगव्हाण नावाचे गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला मुरलीधराचे देऊळ, देवळाला लागून रथघर, आणि तिथून थेट नदीपर्यंत उतरत गेलेला एकच मोठा रस्ता. या रथघरासमोरच्या लिंबाखाली श्री वेडुजी महाराज एके दिवशी येऊन बसले आणि पुढे आयुष्यभर तिथेच राहिले. कुठले, कोणाचे, असे कोणी विचारले तर महाराज हसून म्हणत, "ज्याचा रथ आहे, त्याचाच मी."

महाराजांची राहणी अगदी साधी. नारळाची करवंटी हेच त्यांचे ताट आणि तोच त्यांचा पेला. एक गोष्ट मात्र नव्या माणसाला विचित्र वाटे. दर्शनाला येणारे लोक पेढे, खडीसाखर पुडीत बांधून आणीत. पुडीचा दोरा आपण दाताने तोडतो आणि टाकून देतो. महाराज तसे कधी करीत नसत. पुडी मांडीवर घेऊन ते गाठ नखाने हळूहळू मोकळी करीत. लोक ताटकळत उभे राहत, पोरे पेढ्याकडे बघत राहत. गाठ सुटली की दोरा बोटाला गुंडाळून बाजूला ठेवायचे, कागद हाताने सपाट करून गुडघ्याखाली दाबायचे, आणि मग प्रसाद वाटायचे. कोणी घाई केलीच तर म्हणत, "अरे, यानं वाटभर तुझा पेढा सांभाळला. त्याला एवढा तरी मान दे."

रथघराच्या मागे एका पडवीत झेलाबाई नावाची विधवा राहत होती. तिचा नवरा हयात असताना रथाच्या चाकाखाली मोगरी लावायचा. मोगरी म्हणजे उतारावर चाक अडवायचा लाकडी ठोकळा. तो गेला आणि म्हातारीला त्या पडवीशिवाय दुसरा आसरा उरला नाही. देवळाचे अंगण झाडावे, बाजार उठला की बाजारपेठ झाडावी, लोक देतील ते खावे, असे तिचे चालले होते.

एकदा ती महाराजांच्या पायांशी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, मला अभंग येत नाही. माळ ओढायला घेतली तर मणी कुठवर आले तेच विसरते. मी कोणती सेवा करू?"

महाराजांनी बोटाला गुंडाळलेले दोरे काढून तिच्या ओंजळीत टाकले. "हे घे. वळ."

"वळू? कशासाठी?"

"ते देव बघेल. लागेल तेव्हा मागून घेईल. एकेका पिळाला त्याचं नाव घे, म्हणजे मोजायची भानगडच नाही."

त्या दिवसापासून झेलाबाईच्या झाडूला डोळे फुटले! पोत्याची सुतळी, पुडीचा दोरा, नारळाचा काथ्या, फाटक्या लुगड्याचा काठ, करंडीला बांधलेली वाखाची दोरी, जे लोकांनी तोडून फेकले ते ती उचलू लागली. गाठी सोडायच्या, धागे धुवायचे, वाळवायचे, आणि लिंबाच्या बुंध्याला एक टोक बांधून नाम घेत पिळत बसायचे. जाडा धागा आत, बारीक वरून. दोर वाढत गेला, पडवीत त्याचे वेटोळे चढत गेले.

बायका पाण्याला जाता-येता थट्टा करीत. "काय गं झेलामाय, आज काय घबाड मिळालं?"

"तुझ्याच घरची सुतळी मिळाली, माय. ज्वारीचं पोतं उघडलंस ना? विळीनं कापलीस. सोडली असतीस तर वीतभर जास्त आली असती."

बायका हसत, पण हळूहळू काहीजणी उंबऱ्यावर दोऱ्याची गुंडाळी ठेवू लागल्या. म्हातारीला तेवढाच वाकायचा त्रास कमी!

गावातले मोठे व्यापारी खुशालशेठ यांना मात्र हे अजिबात खपत नव्हते. रथोत्सवाचे ते प्रमुख. सरकी, कापूस, किराणा, सगळा व्यवहार त्यांच्या हातात. माणूस मुळात वाईट नव्हता, देवावर खर्च करी. पण खर्च केलेला गावाला दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यांनी झेलाबाईचे नावच 'चिंधीमाय' पाडले होते.

शेठजींनी एके वर्षी रथाचा जुना दोर होळीत टाकला. "पणज्याच्या काळचं ते लक्तर! माझ्या देवाला मुंबईचा दोर येणार आहे," असे त्यांनी चारचौघांत सांगितले. आणि खरोखर, उन्हाळ्याच्या अखेरीस स्टेशनवरून बैलगाडीत, वाजतगाजत दोर आला. दोर कसला, एक भलेमोठे गाठोडेच! वरून जाड तागाचे किंतान, त्याखाली चटई, त्याखाली मेणकापड, त्याच्या आत रंगीत कागद असल्याचे हमाल सांगत होते. चारही बाजूंनी नव्या सुतळीच्या गाठी आणि गाठींवर लाखेची लाल मोहोर. लोक बघतच राहिले.

"उघडा ना शेठजी, दोर तरी बघू," कोणीतरी म्हणाले.

"रथाच्या दिवशी, मुहूर्तावर उघडायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही!"

गाठोडे शेठजींच्या देवघरात पाटावर बसले. घरच्या बायकांनी त्याला हळद-कुंकू वाहिले. देवाचाच दोर तो, म्हणून दर एकादशीला त्याला पाणी शिंपडायचे, पंचामृत वाहायचे, फुले चढवायची असा नेम ठरला. पावसाळाभर मोठ्या भक्तीने ही पूजा चालली.

महाराजांच्या कानावर हे गेले. शेठजी दर्शनाला आले तेव्हा महाराज म्हणाले, "खुशालशेठ, दोर मोकळा करून वाऱ्यावर टाका. पूजा दोराची करायची नसते, दोराने करायची असते."

शेठजी हसले. "महाराज, अशी बांधणी तुम्ही पाहिली नसेल. नुसत्या त्या वेष्टणाकडे बघत राहावं! ते उगाच कशाला फोडायचं? इथं आपल्या त्या चिंधीमायसारखं थोडंच आहे, उकिरड्यावरचं आणून देवापुढे ठेवायचं!"

घरी गेल्यावर शेठजींनी नोकरांना बजावले, "आपल्या दुकानातलं किंतान, कागद, सुतळी, जे काही निघेल ते परसात जाळून टाका. त्या म्हातारीला आपल्या घरचा एक तंतू आजवर मिळू दिला नाही, यापुढेही मिळता कामा नये." तेव्हापासून शेठजींच्या परसातून रोज धूर निघू लागला.

होता होता कार्तिक महिना आला आणि रथाचा दिवस उजाडला.

तामसगव्हाणच्या रथाची एक रीत होती. रथाच्या दोराला गावातल्या प्रत्येक घरचा एक हात लागलाच पाहिजे. एक जरी घर राहिले तरी रथ ओढायचा नाही. आणि सूर्य मावळायच्या आत रथ नदीवर पोचला पाहिजे. आजवर यात कधी खंड पडला नव्हता.

मुरलीधराची मूर्ती रथात बसली. झेंडूच्या माळा चढल्या. वाजंत्री थांबली. शेठजी जरीचे पागोटे सावरीत पुढे आले आणि त्यांनी गाठोड्याच्या गाठींवर चाकू चालवला. किंतान निघाले. चटई निघाली. मेणकापड उलगडले, आणि असा काही आंबूस वास सुटला की पुढची माणसे नाकाला पदर लावून मागे सरली. वरून झिरपलेले पाणी, दूध, मध, सगळे त्या मेणकापडात कोंडून राहिले होते. शेठजींनी घाईघाईने दोराला हात घातला. मुठीत आला तो काळपट, बुरशी चढलेला भुगा! हिसडा देताच कुजलेल्या भोपळ्यासारखे त्याचे तुकडे पडले.

जुना दोर होळीत गेलेला. एवढा दोर वळायला महिना हवा. पुजाऱ्यांनी सूर्याकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. देव रथात बसून राहिला आणि रथ जागेवर!

तेव्हा महाराज लिंबाखालून उठले. रथघराच्या मागे जाऊन त्यांनी हाक मारली, "झेलामाय! देवानं मागितलं गं!"

म्हातारी पडवीतून बाहेर आली. तिला आधी काही उमजलेच नाही. उमजले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ते उचललेलं, लोकांनी टाकलेलं... देवाच्या रथाला?"

"टाकलं लोकांनी. देवानं कुठं टाकलं?"

चार गडी पडवीत शिरले आणि वेटोळे खांद्यावर घेऊन बाहेर आले. लाल, पांढरा, मातकट, निळ्या काठाचा, असा तो दोर उन्हात लखलखू लागला. पोरांनी आरोळी ठोकली. बायका आपापले धागे ओळखू लागल्या. "अगं, हे माझ्या लग्नातल्या लुगड्याचं!"

खुशालशेठ लाजेने आणि संतापाने लाल झाले होते. ते ओरडले, "अरे, अक्कल आहे का? एवढा थोरला रथ या चिंध्यांवर? नदीच्या उतारावर दोर तुटला तर माणसं चिरडतील! हा दोर तुटला तर ही म्हातारी रथघरात राहणार नाही. आत्ताच ऐकून ठेव, झेले. दोर तुटला की तुझं बोचकं बाहेर!"

झेलाबाईने महाराजांकडे पाहिले. ती म्हणाली, "शेठ, माझं बोचकं केवढं असणार? पण माणसाला काही झालं तर मी राहूच कशाला? बांधा दोर."

दोर रथाला बांधला. एकेका घरचा माणूस येऊन दोर धरू लागला. कुंभार आले, कोळी आले, साळी आले, पाटलांचे आले, गावकुसाबाहेरचेही आले. दोराच्या शेंड्याचा मान उत्सवाच्या प्रमुखाचा, म्हणून शेवटची जागा खुशालशेठची. सगळे उभे राहिले, आणि शेठजींच्या मुठीला दोर काही पुरेना! दोन बोटे कमी पडला.

"सरका रे, सरका पुढं!" पाटील ओरडले. सगळे खेटून उभे राहिले. तरी दोन बोटे कमी! पुन्हा सरकले, छातीला पाठ लागली. पुन्हा दोन बोटे कमीच! लोक चक्रावले.

महाराज खदखदून हसू लागले. "अरे, हा कार्तिक महिना, दामोदराचा महिना! यशोदामाय या लबाडाला उखळाशी बांधायला गेली तेव्हा असंच झालं. गोकुळातली दावी आणून जोडली, दर वेळी दोनच बोटं कमी. माय दमली, घामाघूम झाली, तेव्हा कुठं यानं बांधून घेतलं. खुशालशेठ, या दोरात गावातल्या प्रत्येक घरचा धागा आहे. तुमच्या घरचा तेवढा नाही. मग तुमच्या हाताला जागा कुठून येणार?"

शेठजी फणकारले, "नसेल तर नसेल! मी पुढे काठी घेऊन चालतो. ओढा तुम्ही."

"एक घर सोडून? मग रीत मोडली," पुजारी म्हणाले.

इकडे ही ओढाताण चालली असताना झेलाबाई खाली बसली होती. गाठोड्याचे किंतान, मेणकापड, सगळे तिथेच पसरले होते. शेठजींनी चाकूने कापलेल्या सुतळीला एक गाठ तशीच शिल्लक होती, लाखेने घट्ट बसलेली. म्हातारी ती नखाने सोडवीत होती. तिचे नख फाटले, बोटातून रक्त आले. गाठ सुटली. ती उठली, वीतभर सुतळी दोराच्या शेंड्याला पीळ देऊन जोडली आणि म्हणाली, "ही घ्या शेठ. तुमच्या घरची. धरा."

वीतभर सुतळी ती! पण काय सांगावे मंडळी, शेठजींनी नाइलाजाने मूठ वळली आणि दोर पुरला. पुरला म्हणजे किती? शेठजींची मूठ मावली, झेलाबाईला जागा झाली, बघे म्हणून आलेल्या परगावच्या माणसांनी हात लावले, लेकुरवाळ्या बायका शिरल्या, आणि तरीही दोराचा शेंडा जमिनीवर लोळत होता! दोर धरलेली माणसे वळून वळून मागे बघत. एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आले आणि गावाने गर्जना केली, "मुरलीधर महाराज की जय!"

रथ हलला. चाके करकरली, घंटा वाजू लागल्या. बाजारपेठ ओलांडून रथ नदीच्या उताराशी आला. इथे दोर पुढून सोडून मागे बांधायचा आणि साऱ्या गावाने रथ मागे खेचून धरीत हळूहळू खाली उतरवायचा. माणसे मागे धावली, दोर बांधला. शेठजी मात्र मागे गेले नाहीत. रथापुढे चांदीच्या मुठीची काठी घेऊन ते ऐटीत चालू लागले.

उतार अर्धा झाला असेल. चाकाखालची मोगरी एकाएकी फुटली. रथाने उसळी घेतली. वाजंत्रीवाले सैरावैरा पळाले. शेठजी वळले, धोतराचा सोगा पायात अडकला, आणि ते उताराच्या मध्यावर आडवे पडले. वरून रथ येत होता!

मागे सारे गाव जमिनीत टाचा रोवून दोराला लोंबकळले. रथ माणसांना फरफटत नेऊ लागला. रथाकडच्या टोकाशी दोराचे पीळ तटातट तुटू लागले. लुगड्याचे काठ गेले, काथ्या गेला. झेलाबाई मातीत बसली होती, दोर तिच्या तळव्यांतून सरकत होता, तळवे सोलून निघत होते. "सोडू नका रे," ती ओरडत होती, "बापांनो, सोडू नका! माणूस आहे खाली!"

तेवढ्यात महाराज रथाला आडवे झाले. त्यांनी दोराला हात लावला नाही, रथाला लावला नाही. मूर्तीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "दामोदरा! आईसाठी एकदा बांधून घेतलंस. आज या मायसाठी आणखी एकदा घे!"

आणि रथ थांबला. कोणी पर्वत रोवावा तसा जागच्या जागी थांबला! शेठजींच्या अंगरख्याचा घेर चाकाखाली दाबला गेला होता, शेठजी बाहेर होते.

लोक धावले. काहींनी शेठजींना ओढून काढले, काहींनी चाकांना दगड लावले. मग पाटलांनी दोर बघितला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तुटलेल्या ठिकाणी सगळे पीळ सुटून गेले होते. पुडी बांधायच्या बारीक पांढऱ्या दोऱ्याचा, करंगळीएवढा, एकच पीळ शिल्लक होता. महाराजांच्या हातून आलेले तेच ते पहिले दोरे, ज्यांच्यावर झेलाबाईने वळायला सुरुवात केली होती. एवढा थोरला रथ, एवढा उतार, आणि त्या एका पिळावर तो उभा होता!

खुशालशेठ धुळीने माखले होते. त्यांना उभे राहवेना. रांगत रांगत ते झेलाबाईपाशी गेले. तिचे सोललेले तळवे त्यांनी पाहिले आणि मोठ्याने हुंदका दिला. डोक्यावरचे जरीचे पागोटे काढून त्यांनी तिच्या पायांवर ठेवले. "माय, मी तुला घराबाहेर काढायला निघालो होतो. तू मला मरणातून बाहेर काढलंस."

"अहो शेठ, उचला ते! जरीला माती लागली तर निघत नाही," झेलाबाई गडबडून म्हणाली. "आणि रडता काय? देव उतारावर खोळंबलाय. उठा, दोर धरा."

तुटलेल्या ठिकाणी काय जोडायचे, असा प्रश्न आला तेव्हा शेठजींनी कोणाला विचारले नाही. पागोट्याची घडी त्यांनी उलगडली. फाडली नाही; लांबच्या लांब पिळली आणि दोन्ही तुटक्या टोकांना स्वतःच्या हाताने बांधली. मग ते मागे जाऊन झेलाबाईच्या शेजारी, उघड्या डोक्याने, दोर धरून उभे राहिले. मोगरी नवी लागली. रथ एकेक पाऊल उतरत, डुलत डुलत नदीवर पोचला तेव्हा सूर्याची कोर अजून शिल्लक होती. नदीच्या दोन्ही तीरांवरून जयघोष उठला. म्हाताऱ्या म्हणाल्या की असा रथ आम्ही जन्मात पाहिला नाही!

आरती झाली. शेठजी महाराजांपुढे हात जोडून उभे राहिले. "महाराज, प्रायश्चित्त सांगा. सोन्याचा कळस चढवू? घाट बांधू?"

महाराज म्हणाले, "परसातला धूर बंद करा."

"एवढंच?"

"एवढं जमलं तर पुष्कळ. कापायची घाई करू नका, शेठ. गाठ सोडायला बसलं की माणूस जरा खाली बसतो. झेलामाय तशीच बसत गेली, आणि देव तिच्या हातात आला."

खुशालशेठनी त्या वाळूतच महाराजांना साष्टांग दंडवत घातले. मग उठून, सगळ्या गावादेखत, पुन्हा वाकले आणि झेलाबाईच्या पायांवर डोके ठेवले. यावेळी म्हातारी गडबडली नाही. सोललेला हात तिने त्यांच्या उघड्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाली, "सुखी राहा, बापा." गावाने आपल्या दैवताचे नाव घेतले, पण त्या दिवशी मुरलीधराच्या पाठोपाठ, कोणी न सांगता, "झेलामाय की जय!" असाही घोष नदीवर उमटला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज खुशालशेठचा होता.